बारा फडकी

९ जानेवारी

दहा नंबर,

पत्र फाडण्याआधी एवढी एक ओळ वाच. मी माफीबिफी मागायला लिहीत नाहीये. कामाचं पत्र आहे. एका मेस्त्रीने दुसऱ्या मेस्त्रीला लिहावं तसं लिहितोय, तसंच वाच. पत्ता तुझ्या काकाने दिला. सहा वर्षं तो पाकिटात घालून माझ्याच शेजारी सुकाणू धरून उभा होता आणि मला ताकास तूर लागू दिली नाही. असा तुझा काका.

दहा नंबर म्हटलेलं आता चालतं की नाही, ठाऊक नाही. दहाचा पाना ऐन कामाच्या वेळी सापडत नाही आणि त्याच्यावाचून काही उघडतही नाही, म्हणून मीच ठेवलेलं नाव. ते फुकट गेलं नाही म्हणायचं.

लाँच बंद पडते आहे. गेल्या दीड महिन्यात पाच वेळा. धक्क्याला बांधून दोन दोन तास चालवली तर शहाण्यासारखी चालते. माणसं भरून निघालो की बारा-पंधरा मिनिटांनी, नेमकी खाडीच्या मध्यावर, आवाज बसतो. जिना चढलेल्या म्हाताऱ्यासारखी धापा टाकते, दोन उचक्या देते आणि गप्प होते. दहा मिनिटं तिच्याकडे लक्ष दिलं नाही की पहिल्या सेल्फला चालू. लक्ष दिलं तरी दहाच मिनिटं लागतात, म्हणजे मी करतो त्याचा काही उपयोग नाही हे उघड आहे.

केलेलं लिहितो. तिन्ही नोझल पंपवाल्याकडून तपासून आणले. फीड पंप नवा टाकला. डिझेलच्या गाळण्या दोन्ही बदलल्या, जुन्या कापून बघितल्या, घाण नाही. तांब्याचे वॉशर सगळे नवे. हवा धरत असेल म्हणावं, तर पाइपातली एअर काढायला नट ढिला केला की बुडबुडा येत नाही. डिझेलही येत नाही. नुसतं कोरडं. हे माझ्या डोक्यात बसत नाही.

आधीही वर्षाकाठी एखाद-दोनदा व्हायचं. दरवेळी मी काहीतरी बदलायचो, मग चार महिने बरी चालायची आणि मला वाटायचं सापडलं. आता तसं वाटेनासं झालंय.

तुला काय वाटतं ते दोन ओळींत कळव. बाकी काही लिहायची गरज नाही.

लाँचवरचा मेस्त्री

२४ जानेवारी

दहा नंबर,

उत्तर नाही आलं. ठीक आहे. टपाल उशिरा पोचत असेल असं काका म्हणतो. तो लहानपणापासून खोटं वाईट बोलतो.

परवा पुन्हा बंद पडली. पलीकडच्या शाळेतल्या बाई उठून म्हणाल्या, "मेस्त्री, उद्यापासून येताना घरून वल्ही आणू का?" सगळी लाँच हसली. मीही हसलो, करतो काय? पण बंदर कचेरीतला साहेब हसत नाही. त्याने लिहून दिलंय, आणखी एकदा भर खाडीत बंद पडली तर लाँच पाण्यावर दिसता कामा नये. म्हणजे काकाचं आणि माझं सगळंच संपलं.

मी एक वही केली आहे. तू ठेवायचीस तशी. तेव्हा मी तुला कारकून म्हणायचो, आता स्वतःच कारकून झालोय. बंद पडली की तारीख, वारा, भरती की ओहोटी, टाकीत किती डिझेल, किती माणसं, सगळं लिहितो. काकाला आठवत होतं तेवढं मागचंही लिहून काढलं. त्यात एक गोष्ट दिसते. टाकी अर्ध्याच्या खाली असते आणि वारा समोरचा असतो तेव्हाच हे होतं. टाकी भरलेली असेल तर नाही. पाणी शांत असेल तर नाही.

त्या दिवशीही वारा समोरूनच होता. ते असो.

नवीन म्हणजे, काल पहिली गाळणी उघडली तेव्हा तळाशी दोन-तीन धागे होते. बारीक, सुती. हल्ली हात पुसायला मी विकतच्या चिंध्या आणतो, त्यांचेच असणार. त्यांना काठ नसतो, दोरे सुटतात. आईची फडकी होती तेव्हा हे दुखणं नव्हतं. जुन्या चादरींचे चौकोन कापून चारी बाजूंनी शिवायची ती, तुझ्या डझनाला पिवळा दोरा आणि माझ्या डझनाला हिरवा, म्हणजे आपण दोघांनी माझं-तुझं करून तिचं डोकं खाऊ नये. फडक्यांचा डबा कपाटावर आहे तसाच आहे. मी उघडलेला नाही. विकतच्या चिंध्या वाईट, पण चालतात.

काका सांगत होता, तू एका दवाखान्यात जनरेटर सांभाळतेस. वीज गेली तर किती सेकंदांत चालू व्हायला हवा असतो गं तो? काकाला सांगता येईना.

उत्तराची वाट बघत नाही, पण आलं तर बरं.

मेस्त्री

११ फेब्रुवारी

दहा नंबर,

तुझं कार्ड आलं. काकाने धक्क्यावरूनच हात उंच करून दाखवलं आणि माझ्या हातातला पाना पाण्यात पडला. (चौदाचा. दुसरा आहे.)

"टाकी सोडा. कॅनवर चालवून बघा." पाच शब्द. वर नाव नाही, खाली नाव नाही. अक्षर तेच, 'क' अजून डोकं खाली घालून बसलेला. मी तीनदा वाचलं. पाच शब्दांत तीनदा वाचण्यासारखं काय आहे असं काका म्हणाला. त्याला सांगितलं, कामाचं आहे, नीट समजून घ्यायला लागतं.

'बघा' लिहिलंस. पूर्वी 'बघ ना बाबा' होतं. ठीक आहे, मेस्त्रीला मेस्त्री असंच लिहिणार.

युक्ती साधी आहे आणि मला सुचली नाही याची लाज वाटते. टाकीकडून येणारा पाइप सोडायचा, डिझेलचा कॅन वर ठेवायचा, त्यातून इंजिनाला पाजायचं. चालली तर दोष टाकीकडे, नाही चालली तर इंजिनाकडे. एका फेरीत निकाल. आणि मी दीड महिना नोझल पुसत बसलो.

मला का सुचलं नाही ते सांगतो. टाकी मी बनवली आहे. स्वतः कापली, स्वतः वेल्डिंग केलं, आत लाटेने डिझेल हिंदकळू नये म्हणून दोन पडदे घातले. आई गेली त्याच्या महिनाभर आधीच बसवली होती. मी बसवलेल्या टाकीत दोष असेल हे मनातच येत नाही माझ्या. तुझ्या येतं, ते बरं आहे.

त्या दिवशी तू खाली इंजिनाजवळ होतीस. वरून मी विचारत होतो, एअर निघाली का, आणि तू ओरडून सांगत होतीस, "बाबा, हवा नाहीये, डिझेलच येत नाहीये." मला वाटलं तुला नीट काढता येत नाहीये. आता मला स्वतःला काढताना तेच दिसतं. कोरडं. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं तेव्हाच आठवलं होतं, पण लिहिलं नाही.

उद्या कॅन लावतो.

मेस्त्री

१९ फेब्रुवारी

दहा नंबर,

चालली. वीस लिटरचा कॅन इंजिनाच्या झाकणावर दोरीने बांधला आणि पाच दिवस, समोरच्या वाऱ्यात, माणसं भरून, जाऊन-येऊन चाळीस फेऱ्या केल्या. एकदाही उचकी नाही. काका सुकाणूवर गात होता. त्याचं गाणं ऐकून माणसं उतरून जातील अशी भीती होती, पण खाडीत उतरणार कुठे?

म्हणजे टाकीच.

टाकीच्या झाकणाची हवेची भोकं बघितली, मोकळी आहेत. मग टाकीतून डिझेल ओढणारा पाइप सोडला आणि सायकलच्या पंपाने उलटी हवा मारली. आधी अडली, मग आत कुठेतरी गुड्‌ असं झालं आणि बुडबुडे यायला लागले. टाकीवर पुन्हा चालवली तर दोन दिवस चालली आणि तिसऱ्या दिवशी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर बसली. नशीब, साहेबाने बघितलं नाही. आत काहीतरी आहे. ते पाइपाच्या तोंडाशी येतं, चिकटतं, इंजीन बंद पडून ओढ संपली की सुटून जातं. म्हणून दहा मिनिटं. म्हणून बुडबुडा नाही. म्हणून टाकी भरलेली असली की काही होत नाही, आणि लाटा असल्या की होतं.

टाकीला हात जाईल असं तोंड मी ठेवलंच नव्हतं. वर भरायचं भोक, मुठीएवढं, बस. तेव्हा वाटलं होतं, जितकी तोंडं कमी तितकं चांगलं. आता वरून कापावी लागणार. दोन आठवड्यांनी पलीकडचा कारखाना बंद आहे, फेऱ्या कमी असतील, तेव्हा काढतो.

काका म्हणतो, वेल्डिंगचा तुकडा असेल. मीही तेच म्हणतो.

कॅनचं सांगितलंस ते फार बरं केलंस. आणखीही लिहायचं होतं, पण कागद संपत आला.

बा
मेस्त्री

६ मार्च

दहा नंबर,

टाकी काढली. डिझेल उपसलं, दोनदा धुतली, पाणी भरून वरून ग्राइंडरने चौकोन कापला. आत फडकं निघालं. हातरुमालाएवढं, काळं झालेलं. इतकी वर्षं मागच्या पडद्याआड पडून असावं, मधूनमधून खालच्या फटीतून मधे यायचं.

दोष मिळाला. चौकोनावर झाकण करून चार बोल्टांनी बसवतो आहे, म्हणजे पुढे हात घालून बघता येईल. तुझी सूचना बरोबर होती, त्याबद्दल आभारी आहे. बंदर कचेरीला कळवलं आहे. आता त्रास द्यायचं कारण उरलं नाही.

तब्येतीला जप.

मेस्त्री

१३ मार्च

दहा नंबर,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. सध्या झाकणाच्या कामाची गडबड आहे. सविस्तर नंतर लिहितो. वारा आता पडला आहे. काका ठीक.

मेस्त्री

२२ मार्च

हिरवा.

आधी हे लिहिलं, बाकी खाली लिहितो. हिरवा दोरा. चारी काठांना हिरवा. डिझेलात सहा वर्षं राहून कापड काळं झालं, पण दोरा पक्का होता. साबणाने घासला तेव्हा स्वच्छ हिरवा दिसला. तुझं नव्हतं. माझं होतं.

"दोरा कोणता?" एवढंच होतं कार्डावर. प्रश्नचिन्हाच्या टिंबाला पेन कागदातून आरपार गेलं होतं. मी ते वाचून आधी चिडलो, खरं सांगतो. म्हटलं, घेतला पोरीने शोध, आता मला उभा करणार. ते कार्ड घेऊन मी अकरा दिवस हिंडलो. मधे तुला चार ओळी खरडल्या, वाऱ्याच्या आणि झाकणाच्या. आणि एक पत्र वेगळं लिहिलं होतं, ते टाकलं नाही. त्यात होतं की दोरा विरून गेलाय, रंग ओळखता येत नाही, कोणाचंही असू शकेल. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, शर्टाच्या खिशात घातलं. पेटीपर्यंत तीनदा गेलो.

चौथ्यांदा निघालो तेव्हा काकाने विचारलं, काय लिहिलंस? सांगितलं. त्याने सुकाणू सोडलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "दादा, तुला वाटतंय ती तुला पकडायला विचारतेय. ती स्वतःसाठी विचारतेय. आपलंच फडकं असेल म्हणून पोरगी रात्री जागत बसली असेल, आणि तू इथे तिकिटं चिकटवतोयस."

हे मला सुचलंच नव्हतं. शपथेवर सांगतो, सुचलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मी तुला म्हणालो की चूक तुझी, आणि इतक्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नाही की तू ते खरं मानलं असशील. हे अकरा दिवस तू कसे काढले असशील, ते मी आता एकेक करून मोजतोय.

आता कसं झालं ते ऐक. तुला हे कळायला हवं.

टाकी बसवली तो दिवस तुला आठवत असेल. तुला मी म्हटलं होतं, गाळण्या तुझ्या, टाकीला हात लावायचा नाही, टाकी माझी. तू गाल फुगवून पुढे जाऊन बसलीस. मी वरच्या फळीला भरायच्या पाइपासाठी भोक पाडत होतो. भुसा आत पडू नये म्हणून टाकीच्या तोंडात फडक्याचा बोळा घातला. उघडं तोंड दिसलं की आधी बोळा, हा माझाच नियम. तुला किती वेळा त्यावरून बोललो आहे. तेवढ्यात आई डबा घेऊन धक्क्यावर आली आणि हाका मारायला लागली, गार होतंय, गार होतंय. उठलो, जेवलो. जेवताना काकाने काहीतरी विनोद केला आणि तुझा फुगा फुटला, तू हसलीस, ते सगळं आठवतं. परत आलो आणि सरळ वरून पाइप दाबून बसवला. क्लिप आवळली. आत बघितलं नाही. बोळा पाइपाच्या टोकाने आत ढकलला गेला असणार.

काम झाल्यावर हत्यारं मोजली. एकवीस. पुरी होती. हत्यारं मी नेहमी मोजतो. फडकी कधी मोजली नाहीत, ती आई मोजायची.

आणि तिने मोजली होती. हे तुला ठाऊक नाही. त्या आठवड्यात सोड्याच्या पाण्यात उकळून, वाळवून, घड्या घालताना म्हणाली, "अहो, हिरव्यातलं एक कमी आहे." मी म्हटलं, वाऱ्याने गेलं असेल. ती म्हणाली, "दोरीवर आलंच नाही तर वारा कुठून नेईल?" मी म्हटलं, एका फडक्यापायी किती डोकं खाशील? पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. "ते फडकं सापडलं का हो?" मी उत्तरही दिलं नाही. तिला मी त्याच वेळी नीट उत्तर दिलं असतं, उठून एकदा आठवलं असतं, तर क्लिप सोडायला पाच मिनिटं लागली असती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं.

बावीस मिनिटांची खाडी. पलीकडे गाडी उभी होती, दवाखाना समोर दिसत होता. तेराव्या मिनिटाला इंजीन बसलं. मी तुला खाली पाठवलं. तुला आईजवळ बसू दिलं नाही. तू दोनदा वर यायला बघितलंस आणि दोनदा मी तुला परत खाली ढकललं, म्हटलं आधी चालू कर. तीनदा चालू झालं आणि तीनदा बसलं. पोचायला सव्वा तास लागला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

मग मी धक्क्यावर, भरल्या माणसांत, तुझ्या तोंडावर म्हणालो, गाळणी वेळेवर बदलली असतीस तर आई जिवंत असती. तुझे हात कोपरापर्यंत काळे होते. तू एवढंच म्हणालीस, "बदलली होती, बाबा." मी जे ओरडलो ते पुन्हा लिहीत नाही. उघड्या तोंडाला बोळा घालायचा नियम करणाऱ्याच्या तोंडात त्या दिवशी कोणीतरी बोळा घालायला हवा होता.

खापर फोडायला मला डोकं हवं होतं आणि तुझं जवळ होतं. दुसरं काही कारण नाही. गाळणी नवी होती हे मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. पांढरी होती. मी बघितली आणि परत बसवली आणि तुला सांगितलं नाही. हेही आजच लिहितोय. तू पंधरा दिवस त्याच घरात माझ्या समोर जेवत होतीस, आणि मी मूग गिळून बसलो. मग तू गेलीस.

आणखी एक आहे. आई जाताना काकाजवळ बोलली होती. मला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि तुला मीच सांगीन, त्याने सांगायचं नाही, असं त्याच्याकडून वचन घेतलं. म्हणून तो सहा वर्षं गप्प. ती म्हणाली होती, "भावोजी, ते पोरीला ओरडतायत. नका म्हणावं. तिचं काही चुकलेलं नाही."

मला तेव्हा वाटलं, आई आहे, लेकीची बाजू घेणारच. आता वाटतं, तिला फडकं आठवलं होतं का? लाँचच्या बाकावर पडल्या पडल्या ती मोजत होती का? मला कधीच कळणार नाही. पण मोजणारी बाई होती ती, आणि तिचा हिशेब मी बघितलेला आहे, कधी चुकलेला नाही.

सोमवारी सकाळच्या फेरीला माणसं चढली तेव्हा मी त्याच धक्क्यावर उभा राहून सांगितलं. सहा वर्षांपूर्वी मी इथे माझ्या मुलीला बोललो होतो ते खोटं होतं, गाळणी तिने बदलली होती, फडकं माझं होतं, माझ्या हाताने टाकीत गेलं. निम्म्या माणसांना मी कशाबद्दल बोलतोय तेही ठाऊक नव्हतं. शेवटी शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मेस्त्री, बसा आता, पाणी प्या." मी प्यायलो. लाँच वेळेवर सुटली.

आता ती बंद पडत नाही. समोरचा वारा असो, टाकी तळाला गेलेली असो, बावीस मिनिटांत पलीकडे. रोज आठ वेळा पोचते. तेरावं मिनिट झालं की मी घड्याळाकडे बघतो आणि ती पुढे जात राहते. मला ते सहन होत नाही, गं. बंद पडायची तेव्हा निदान हाताला काम असायचं.

ये म्हणत नाही. म्हणायला तोंड नाही. तुझी आठवण येते, रोज येते, एवढं लिहायला हरकत नसावी.

पत्रासोबत पार्सल आहे. काल मी कपाटावरचा डबा खाली काढला. आईने शेवटचं ठेवलं होतं तसंच होतं सगळं, घडीवर घडी. हिरवी अकरा निघाली. बारावं धुऊन वर ठेवलंय, वास जात नाही, जाणारही नाही. ती माझ्याकडे राहू देत.

पिवळी सगळी तुला पाठवतो आहे. मी तीनदा मोजली, काकाने एकदा मोजली. बारा आहेत. तू तुझ्या हाताने मोज.

बाबा